धोट्याची परीक्षा

आण्णा माझ्या दारात उभे होते. डाव्या हाताला पांढरं सूत गुंडाळलेलं, चांगलं मुठीएवढं. त्या सुताचं दुसरं टोक माझ्या खोलीत आलं होतं, तिथून कॉटखाली गेलं होतं, आणि कॉटखालून एक शेपटी हलत होती.

"हे कुत्रं तुझं?" आण्णांनी ओरडून विचारलं. चिडले होते म्हणून नाही, आमच्या गल्लीत ओरडल्याशिवाय ऐकूच जायचं नाही.

"नाही म्हणजे... येतं अधूनमधून."

"मग कॉटखाली पोतं कुणाला हातरलंयस? तू झोपतोस व्हय त्याच्यावर?"

मी खाली वाकलो आणि धोट्याच्या, म्हणजे त्या कुत्र्याच्या, तोंडातनं सुताची कांडी काढून घेतली. अर्धी चावलेली होती.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी इचलकरंजीत एका टू-व्हीलर शोरूमला सर्व्हिसच्या काउंटरवर होतो. सकाळी नऊ ते रात्री आठ. लोकांच्या गाड्यांची गाऱ्हाणी ऐकायची, लिहून घ्यायची, गाडी आत पाठवायची. गाव माझं जत तालुक्यात. इचलकरंजीत ओळखीचं कुणी नव्हतं. भूपालआण्णा मगदुमांच्या मागाच्या कारखान्याशेजारी चार खोल्या होत्या, त्यातली एक माझी. कारखान्यात चोवीस माग, रात्रंदिवस खटाखट खटाखट. पहिले आठ दिवस मला झोप आली नाही. नंतर गावाकडं गेलो तर तिथं झोप येईना.

पिल्लू मला कारखान्याच्या मागच्या बाजूला सापडलं. मी त्याचं नाव ब्रूनो ठेवलं होतं. पण कारखान्यात कांड्या भरायच्या मशिनवर शालनआक्का होत्या, त्यांनी ते दोनच दिवसात मोडून काढलं. "ब्रूनो कशाला? धोटा म्हण. बघ की कसा पळतोय." धोटा म्हणजे मागात इकडून तिकडं पळणारा लाकडी तुकडा. त्याच्या पोटात सूत गुंडाळलेली कांडी बसवलेली असते. कुत्रं खरंच तसंच पळायचं, गल्लीच्या या टोकाहून त्या टोकाला, उगाच. नाव बसलं.

आता हा धोटा दिवसाढवळ्या कारखान्यात जाऊन कांड्या पळवत होता. पळताना सूत उलगडत जायचं. त्या दिवशी आण्णा त्या सुताचा माग काढत, हाताला गुंडाळत, टपरीला वळसा घालून, एका सायकलखालून माझ्या दारापर्यंत आले होते.

"हे बघ धीरज," आण्णा म्हणाले, "सुताचं जाऊ दे. पण आत पट्टे फिरत्यात. एक दिवस ह्याची शेपूट गेली पट्ट्यात, तर मग मी काय करू? कुत्रं मरंल, न्हाईतर त्याला वाचवायला जाऊन माणूस मरंल. पंधरा दिवस देतो. कारखान्याचा उंबरा ओलांडायचा बंद झाला पायजे. न्हाई झाला तर कुत्रं बाहेर."

"पण आण्णा, मी दिवसभर कामावर..."

"मग कुत्रं पाळायला कुणी सांगितलंतं?"

बांधून ठेवायचं मी करून बघितलं होतं. दोरी अर्ध्या तासात तोडली. खोलीत कोंडून बघितलं, तर एक चप्पल, दाराची कड आणि हेल्मेटच्या आतला स्पंज खाऊन टाकला आणि शेवटी खिडकीतून बाहेर पडला. शोरूममधला अभिनंदन चौगुले म्हणाला, "आमच्या मळ्यात दे की सोडून. बांधू साखळीला." एका रविवारी मी मळा बघायला गेलो. तिथं आधीचं एक कुत्रं होतं. साखळी जेवढी पोचत होती तेवढ्या गोलात गवताची काडी नव्हती, सगळी जमीन त्यानं पायांनी घासून काढली होती. मी चहा घेतला आणि परत आलो. धोट्याला तिथं द्यायचं नाही एवढं ठरलं. पण दुसरी जागाही नव्हती.

म्हणून मग शिकवायचं.

मोबाइलवर व्हिडिओ बघितले. त्यात एक माणूस हिरव्यागार लॉनवर उभा असतो. शांत जागा निवडा, म्हणतो. आवाज मऊ ठेवा, म्हणतो. मी सकाळी साडेसहाला गल्लीत उतरलो. हातगाड्यावरून बीम, म्हणजे मागाला लावायचं सुताचं भलंमोठं रीळ, चाललेलं, त्याच्या मागं दुधवाला, त्याच्या मागं शाळेची रिक्षा, आणि सगळ्यावर चोवीस माग. मी मऊ आवाजात म्हणालो, "बस." मलाच ऐकू आलं नाही. मग जोरात म्हणालो. मग बोंबललो. "बस! अरे बस!" रिक्षावाला थांबला आणि म्हणाला, "शीट न्हाई, दादा." धोटा माझ्या तोंडाकडं बघत होता. याचं काय दुखतंय, असं त्याला वाटत असावं.

तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी शालनआक्का खिडकीतून हसताना दिसल्या. हसून हसून पदर तोंडात धरलेला. मग बाहेर आल्या आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाल्या, "येड्या, आमी तीस वर्षं हितं बोलतोय. तोंडानं बोललो असतो तर घसा कवाच गेला असता."

"मग?"

त्यांनी तळहात माझ्यासमोर धरला. थांब. मग तळहात खाली दाबला. बस, जागेवर राहा. मग हात वर करून दोन बोटं आत वळवली. ये.

मी धोट्यासमोर तळहात खाली दाबला. दुसऱ्या हातात खारीचा तुकडा होता, तो त्याच्या नाकावरून मागं नेला. धोटा बसला. मी इतका खूश झालो की अख्खी खारी त्याला दिली.

मग आम्ही सुटलोच. सकाळी साडेसहा ते आठ. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी गाडी मारत यायचो, जायला दहा मिनिटं, यायला दहा मिनिटं, मधे वीस मिनिटं शाळा. जेवण राहून जायचं. अर्धी खारी त्याला, अर्धी मला. काउंटरवरसुद्धा तेच डोक्यात. एक गिऱ्हाईक तावातावानं भांडत होतं, क्लच प्लेट बदलूनही गाडी उचलत नाही म्हणून. मी फोनवर होतो. नकळत त्यांच्याकडं तळहात खाली दाबला. ते बसले. गप्प बसले. अभिनंदन म्हणाला, "आता खारी दे त्यांना."

आठव्या दिवसापर्यंत धोटा हातावर बसत होता, थांबत होता, लांबून बोलावलं की येत होता. मी कारखान्याच्या उंबऱ्याबाहेर त्याला बसवायचो, दहा पावलं मागं जायचो, तो हलायचा नाही. मला वाटलं झालं काम.

संध्याकाळी शालनआक्का म्हणाल्या, "आज चारदा आत आलता."

"कसं शक्य आहे? माझ्यासमोर तर हलत नाही."

"तू हैस तवर न्हाई हलत. तू गेलास की येतोय."

दुसऱ्या दिवशी सहादा. तिसऱ्या दिवशी तर त्यांनी मोजलंच नाही. जितकं जास्त शिकवत होतो तितकं जास्त आत जात होता. मला वाटायला लागलं की हा लबाड आहे. माझ्यासमोर साळसूद, पाठ वळली की चोर. एका दुपारी तो दोन कांड्या घेऊन बसलेला सापडला. मी त्याला रागावलो. नुसतं रागावलो नाही, कान धरला आणि खोलीबाहेर ढकलून दार लावून घेतलं. तो बाहेर दारापाशी बसून राहिला. मी कामावर जायला दार उघडलं तर तिथंच, बसलेला. एकदम नीट, शिकवल्यासारखा. मी त्याच्याकडं न बघता गाडीला किक मारली. हे अजून मला सांगायला बरं वाटत नाही, पण झालं ते झालं.

पंधरावा दिवस रविवारी आला. शोरूम बंद, कारखाना चालू. आण्णा सकाळीच पांढरा शर्ट घालून आले. पोट मोठं, त्यामुळे शर्टाची शेवटची दोन बटणं कायम ताणलेली. त्यांनी कांड्यांची टोपली आणून उंबऱ्याच्या आत, अगदी धोट्याच्या नाकासमोर ठेवली.

"दहा मिनिटं," आण्णा ओरडले. "बसीव त्याला."

मी तळहात दाबला. धोटा बसला. मी मागं सरकलो.

एक मिनिट. दोन मिनिटं. टोपलीकडं त्यानं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, मग टपरीकडं. पाच मिनिटं. शालनआक्का मशिन सोडून दाराशी येऊन उभ्या होत्या. एक मांजर समोरून गेलं. धोट्याची मान मांजराबरोबर फिरली, बूड जागेवर. सात मिनिटं. आण्णांनी माझ्याकडं बघून ओठ पुढं काढले, वा, असे.

आठव्या मिनिटाला धोटा उठला आणि सरळ कारखान्यात घुसला.

टोपलीला शिवला नाही. टोपलीवरून उडी मारली आणि दोन मागांच्या मधल्या बोळातून पळत पार शेवटच्या मागापाशी गेला. तिथं नूरभाई होते, आण्णांचे सगळ्यात जुने कामगार. धोटा त्यांच्या पायाशी जाऊन बसला. त्याची शेपटी फिरत्या पट्ट्यापासून वीतभर लांब. नूरभाईंनी घाबरून माग बंद केला. आण्णा धावले, मी धावलो, आक्का धावल्या.

"सांगितलंतं मी!" आण्णांचा चेहरा लाल. "बघितलंस? एक वीत! एक वीत राहिलंतं! उद्या सकाळी हे कुत्रं गल्लीत दिसायला नको. मळ्यात दे, कुठंबी दे."

मी धोट्याचा गळा धरला. तो मजेत होता, माझ्या हाताचा वास घेत होता, खारी कुठाय म्हणून.

"पर ह्यो माझ्याकडं का आला?" नूरभाई म्हणाले. "मी कुठं बोलावलं ह्याला? मी जॉबरला हाक मारत होतो. सुताची तार तुटली म्हणून. असं केलं फक्त."

आणि मागाच्या मिस्त्रीला, जॉबरला, बोलवायची ती खूण त्यांनी करून दाखवली. हात वर, दोन बोटं आत.

धोटा माझ्या हातातून सुटला आणि नूरभाईंच्या आणखी जवळ जाऊन बसला. अगदी पायावर.

बाकी तेवीस माग चालूच होते. नूरभाईंनी हात खाली घेतला, धोट्याकडं बघितलं, परत हात वर केला, दोन बोटं आत. धोट्याला आता आणखी जवळ जायला जागा नव्हती. त्यानं त्यांच्या गुडघ्यावर पुढचे पाय ठेवले.

शालनआक्कांनी कपाळावर हात मारला. "आगं बया बया बया."

माझ्या डोक्यात उजेड पडायला तेवढा वेळ लागला. आक्कांनी मला खुणा दिल्या त्या कारखान्याच्या. मी कुत्र्याला कारखान्याची भाषा शिकवली आणि कारखान्याच्या दारात बसवून गेलो. आत अकरा माणसं. दिवसभर कुणी ना कुणी कुणाला तरी हात करणारच. तार तुटली, ये. कांडी संपली, ये. चहा आला, ये. दरवेळी बाहेर बसलेल्या धोट्याला वाटायचं, मला बोलावलं. बिचारा दरवेळी जायचा. जाऊन नीट बसायचा. खारी कुणी द्यायचं नाही, म्हणून मग शेजारच्या टोपलीतून एक कांडी उचलून घरी यायचा. मी जेवढं पक्कं शिकवलं तेवढ्या त्याच्या फेऱ्या वाढल्या. आणि मी त्याचा कान धरला होता.

आण्णा चालत कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथं उभं राहून त्यांनी हात वर केला. दोन बोटं आत.

धोटा गेला. मधल्या बोळातून, सरळ. त्यांच्यासमोर बसला आणि वर बघायला लागला.

आण्णा खाली बघत राहिले. मग परत आले, धोटा त्यांच्या मागं मागं.

"ह्या कारखान्यात," ते म्हणाले, "मी हात केल्यावर पयल्याच हाकंला आलेला हा पयला. तुमी सगळे 'दिसलं न्हाई आण्णा' म्हणताय."

"आमी कामात असतोय आण्णा," नूरभाई म्हणाले.

"व्हय व्हय, लई कामात." आण्णांनी शर्टानं तोंड पुसलं. "धीरज, आठ दिवस देतो आणखी. पर ह्या खुणा बदल. आमच्या खुणा आमाला ठेव. तुझ्या येगळ्या काढ."

त्याच दिवशी पाळी बदलायच्या वेळी, माग जरा थांबले होते तेव्हा, आम्ही दारात बसलो. मी म्हणालो, "असं केलं तर?" आणि स्वतःचा कान धरला.

"ते डबा खायचं," नूरभाई म्हणाले.

टाळी वाजवली. "ते बीम आलं."

डोक्यावर हात फिरवला. "ते ताग्यात भोक पडलंय."

नाकाला बोट लावलं. आक्का म्हणाल्या, "ते नको. ते नूरभाईची बायको डबा घिऊन आलीय म्हणून."

"नाकाला का?"

"तिची नथ मोठी हाय."

मी वैतागून पोटासमोर दोन्ही हातांनी मोठा गोल केला. नूरभाई छताकडं बघायला लागले. आक्कांना खोकला आला.

"हे कशाचं?" आण्णांनी विचारलं.

"ते... जड बीम आलं म्हणून," नूरभाई म्हणाले.

"बीमाला टाळी हाय म्हणालास आत्ता."

आण्णांनी स्वतःच्या पोटाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "मी माग चालवायचो तवा आमचा मालक लंगडत चालायचा. तो आला की आमी काय करायचो, सांगू?" आणि जागेवरच एक पाय ओढत दोन पावलं चालले. इतकं हुबेहूब की आक्का खाली बसल्या हसत. आण्णाही हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

आणि ते पाय ओढत चालत होते तेव्हा धोटा त्यांच्या पायाकडं टक लावून बघत होता.

"पाय!" मी म्हणालो. "पायाची खूण कुठली आहे?"

नूरभाईंनी आक्कांकडं बघितलं, आक्कांनी आण्णांकडं. "पायाची न्हाई," आण्णा म्हणाले. "पायानं कोण बोलतंय?"

आम्ही बोललो. टाच दोनदा आपटली की बस. पाय आडवा धरला की थांब. चवडा वर करून दोनदा हलवला की ये. आणि हातावर काहीच मिळणार नाही. हात केला तर खारी नाही, पाय केला तर खारी. पहिले तीन दिवस धोट्याची फार पंचाईत झाली. मी पाय हलवायचो आणि तो माझ्या हाताकडं बघायचा. मी हात खिशात घालून उभा राहायचो. गल्लीतल्या लोकांना फुकटचा तमाशा. रिक्षावाला रोज विचारायचा, "लेझीम बसवायलाय काय?" नूरभाई आणि बाकीचे मुद्दाम दारात येऊन हात करायचे, दोन बोटं आत, आणि धोटा उठायला लागला की मी पाय आडवा धरायचो. आक्का तर म्हणायच्या, "आज माझ्या पंचवीस हाका. एकदाच चुकला." त्या मोजायला लागल्या होत्या. दुपारच्या सुट्टीत मी यायच्या आधीच कुणीतरी त्याचा दोन वेळा सराव घेतलेला असायचा. माझ्याही नकळत शाळेला अकरा मास्तर झाले होते. मला त्यांची नावं कळली, त्यांना माझं. त्याआधी सात महिने मी तिथं राहत होतो आणि कुणी मला नावानं हाक मारली नव्हती, भाडं मागायला येणाऱ्या आण्णांशिवाय.

पुढच्या रविवारी परत तीच टोपली. आण्णा उंबऱ्याच्या आत, मी बाहेर. टाच दोनदा. धोटा बसला.

आत नूरभाईंनी हात वर केला, दोन बोटं आत. धोट्याचे कान उभे राहिले. बूड जरासं उचललं, बोटभर. अंग थरथरत होतं. त्यानं वळून माझ्या पायाकडं बघितलं. मी पाय आडवा धरला होता. बूड खाली आलं.

आक्कांनी हात केला. नाही उठला. जॉबरनं केला. नाही. एकामागून एक अकरा जणांनी हात केले, आतून, लांबून, जवळून. धोटा बसून राहिला. मी पाय बदलायलाही घाबरत होतो.

शेवटी आण्णांनी केला. हात वर, दोन बोटं आत. धोट्यानं त्यांच्याकडं बघितलं, जांभई दिली, आणि तोंड फिरवलं.

"आता माझंबी ऐकंना व्हय रं?" आण्णा म्हणाले. हे ते आनंदानं म्हणाले असं मी सांगू शकत नाही.

मग टोपली त्यांनी स्वतः उचलून आत नेली. परत आले. "राहू दे ह्याला," माझ्या कानाशी ओरडले. "पर एक अट हाय."

"काय?"

"ती पायाची खूण मला शिकीव. ये म्हणायची."

त्यांनी चप्पल काढली. दाराची चौकट एका हातानं धरली, दुसरा हात माझ्या खांद्यावर टाकला आणि उजवा चवडा वर केला. पोटामुळे त्यांना स्वतःचा पाय दिसत नव्हता. "हलतोय का रं?" "हलतोय आण्णा. अजून एकदा." धोटा माझ्याकडं बघत होता. मी तोंड भिंतीकडं केलं, म्हणजे त्याला माझ्याकडून काही कळणार नाही, आणि तिरक्या डोळ्यानं बघत राहिलो.

तो उठला, गल्लीतून दोन पावलं चालत आला, आण्णांच्या समोर बसला. आण्णांकडं खारी नव्हती. त्यांनी खिसे चाचपले, काही नव्हतं, मग वाकून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. धोट्यानं थोडी वाट बघितली. मग त्यांच्या उघड्या पायावर हनुवटी टाकून आडवा झाला आणि डोळे मिटले.

आण्णा तसेच उभे राहिले, एक हात चौकटीला, एक पाय कुत्र्याखाली. आतून कुणीतरी बीम आलं म्हणून टाळ्या वाजवत होतं. ते हलले नाहीत.

"झोपला की रं ह्यो," ते म्हणाले. चोवीस माग चालू असताना हळू आवाजात म्हणाले, त्याची झोप मोडू नये म्हणून. मला ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं.